भरताच्या दिवसांतले मौन

परवा बाजारात मेथी आणायला गेले आणि परत आले ती चार वांगी घेऊन. साधी वांगी नव्हेत, भरताची. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, उचलायला दोन्ही हात लागावेत अशी. भाजीवाल्या ताईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. मी एकटी राहते आणि एका वांग्यात माझे दोन दिवस निघतात, हे त्यांना ठाऊक आहे. पाहुणे येणार का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. खरे तर मीच कोणाकडे तरी जाणार होते, पण तेही न बोलावता. ते सगळे भर बाजारात कुठे सांगत बसू?

जळगावात हिवाळा आधी नाकाला कळतो. वेचणी संपलेल्या कपाशीच्या काड्या बांधावर रचून ठेवलेल्या असतात. संक्रांतीच्या आगेमागे त्यांचे जाळ ठिकठिकाणी दिसू लागतात आणि त्यांवर वांगी पडली की सालीचा करपट, गोडसर वास पार रस्त्यापर्यंत येतो. या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाला नुसते जेवायला बोलावत नाही, भरीत खायला बोलावतात. बँकेतले लोक, शाळेतले लोक, मोटार दुरुस्तीवाले, सगळे रविवारी कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात. मला मात्र हा वास आला की भूक लागायच्या आधी ओशाळायला होते, आणि मग हसू येते. हे दोन्ही एकापाठोपाठ का होते, ते सांगायचे तर मला यावलजवळच्या एका केळीच्या बागेत परत जावे लागेल.

पाच वर्षे झाली. नाताळची धामधूम नुकतीच ओसरली होती. आमचे पाळक तरुण आणि उत्साही. धुळे आणि जळगावच्या मंडळ्यांतली थोडी माणसे मिळून जानेवारीत एक छोटे आत्मिक शिबिर घ्यायचे, असे त्यांनी पावसाळ्यातच जाहीर करून टाकले होते. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. प्रार्थना, शास्त्रवाचन आणि मौन. पण जानेवारी उजाडला तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोन लग्ने आणि एक घरभरणीची प्रार्थना येऊन बसली होती. ते माझ्याकडे आले. तेहतीस वर्षे वर्ग शांत बसवलात, आठ माणसे तुम्हाला काय अवघड, म्हणाले. मला ते लगेच पटले. स्वतःची स्तुती माणसाला किती लवकर पटते.

मी मनापासून तयारी केली. नवी वही केली, तासांचे कोष्टक आखले, लाल शाईने अधोरेखितही केले. विषय निवडला विस्तवाचा. प्रभूला धरून नेले त्या थंडीच्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी उभा राहून त्याचाच एक शिष्य त्याची ओळख नाकारतो. पुढे एका पहाटे तळ्याच्या काठी प्रभू स्वतः तसाच विस्तव पेटवतो आणि त्याच शिष्याला न्याहारीला बोलावतो. दोन विस्तव, एक चुकीचा आणि एक क्षमेचा. थंडीच्या दिवसांत बोलायला किती चांगला विषय, असे मला वाटले. दुसऱ्यांना सांगायला तो चांगलाच होता.

जागा आबांनी दिली. आबा म्हणजे माझ्या यजमानांचे जुने स्नेही, यावलचे शेतकरी. आमच्या धर्माशी त्यांचा संबंध एवढाच की दर नाताळला ते आमच्याकडे केक खायला येत आणि दर हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे भरीत खायला जात असू. यजमान गेले तशी माझी ती फेरी थांबली होती. आबांच्या मळ्यात दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा, आणि चहूकडे केळी. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. उत्तरेला सातपुडा, सकाळी निळा, दुपारी करडा. बागेत शिरले की रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज एकदम बुजतात आणि पानावरून पानावर थेंब पडल्याचे ऐकू येते. मौनाला याहून चांगली जागा मिळाली नसती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माणसे जमली. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले दाविदभाऊ, दोघी तरुण नर्स, आणखी तिघे. पाचच्या गाडीने जळगावहून मालन आली. आणि शेवटच्या एसटीने, हातात कापडी पिशवी, डोक्यावरून शाल घेतलेली सगुणाक्का धुळ्याहून उतरली. ओट्यावर बसलेल्या मालनकडे तिने पाहिले, मालनने तिच्याकडे पाहिले, आणि दोघींनी एकदमच रस्त्याकडे पाहिले. एसटी निघून गेली होती.

या दोघी सख्ख्या बहिणी. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या. अक्का थोरली, मालन दहा वर्षांनी धाकटी. मालनला अक्काने कडेवर वाढवलेले. आणि सात वर्षे त्या एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. नावांची यादी पाळकांनी केलेली, मी ती आधी पाहिलीही नव्हती. त्यांना हे माहीत असायचे कारण नव्हते. मला होते. मंडळीत इतर कोणालाही ठाऊक नसेल इतके होते, कारण त्या अबोल्याचे मूळ मीच होते आणि हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

त्यांची माय अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होती. अक्काने लग्न केले नव्हते. मायला उचलणे, बसवणे, भरवणे, रात्री तीनदा कूस बदलणे हे सगळे तिने केले. मालन जळगावला सासरी, सुट्टीत यायची. मी तेव्हा धुळ्याच्या शाळेत होते आणि मंडळीत कोणतेही कार्य निघाले की त्याचा क्रम लिहून काढायचे काम आपोआप माझ्याकडे यायचे. माय गेली तेव्हाही आले. आमच्या धुळ्याच्या मंडळीत एक रीत आहे. मातीच्या वेळी, शेवटची मूठ पडायच्या आधी, गेलेल्या माणसाचे आवडते गीत म्हणतात, आणि ते गीत ज्याने शेवटपर्यंत सेवा केली त्याने उचलायचे असते. उचलायचे म्हणजे पहिली ओळ एकट्याने म्हणायची, मग सगळे सूर धरतात. कोणाला सांगावे लागत नाही, सगळ्यांना माहीत असते कोण उचलणार.

अक्काचा आवाज फाटका आहे. मालनचा गोड. त्या दिवशी बाहेरगावची पुष्कळ माणसे आली होती, आणि गीत नीट व्हावे, शोभून दिसावे, असे माझ्या शिक्षकी डोक्यात आले. मी मालनच्या कानाशी वाकून म्हटले, तू उचल. ती रडत होती. तिने काही विचार न करता उचलले. समोर अक्का होती. तिचे तोंड गाण्यासाठी उघडले होते. ते तिने मिटले, आणि त्या दिवसापासून मालनपुरते मिटूनच ठेवले. धाकटीने पुढे होऊन माझा मान घेतला, असे तिला वाटले असणार, हे सगळे जण धरून चालले. मीही धरून चालले. मालनला वाटले, अक्का आवाजावर जळते. मी मात्र सात वर्षे गप्प. आधी वाटले, निवळेल. मग वाटले, आता कशाला उकरायचे? पुढे निवृत्त होऊन जळगावला आले, यजमान गेले, आणि आपल्याच दुःखाची सबब पुढे करणे सोपे झाले.

तर अशा त्या दोघी ओट्याच्या दोन टोकांना बसल्या होत्या आणि मधे मी, हातात अधोरेखित वही घेऊन. मी नियम सांगितले. आता संध्याकाळची प्रार्थना झाली की मौन. रविवारी दुपारच्या जेवणाला मी ताट वाजवीन तेव्हा सुटेल. प्रार्थना आणि वाचन तेवढे मी मोठ्याने करीन. इतरांना काही सांगायचे असले तर चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची. दाविदभाऊंचा चेहरा पडला. पण त्या दोघींचे चेहरे मी पाहिले. दोघींचे खांदे एकदम खाली आले, डोक्यावरचे ओझे कोणी उतरवून घ्यावे तसे. दीड दिवस त्यांना एकमेकींशी न बोलण्यासाठी काही करावे लागणार नव्हते.

शनिवारची सकाळ मला तासातासाने आठवते. हात गारठलेले, तोंडातून वाफा. पंपाचा आवाज सुरू झाला आणि बंद झाला. एका नर्सने चहा केला आणि सगळ्यांनी पेले हातात धरून सूर्याकडे तोंड केले. बोलणे नसले की माणसाची इतर कामे किती आवाज करतात हे तेव्हा कळले. दाविदभाऊ चहा पीत होते ते सातपुड्यापर्यंत ऐकू जात असेल. खोक्यात पहिल्या दोन तासांत सात चिठ्ठ्या पडल्या, त्यांतल्या पाच त्यांच्याच. चहात साखर कमी आहे. या बागेत बिबट्या येतो का? आला तर ओरडावे की मौन पाळावे? वाचून मला इतके हसू आले की मी पंपाच्या खोलीमागे जाऊन हसले.

मी सारखी त्या दोघींकडे पाहत होते. पाण्याच्या टाकीपाशी अक्का पेले विसळी, मालन पुसून ठेवी. कोणी नेमून दिले नव्हते. दुपारी मालन उन्हात बसल्या जागी झोपली तेव्हा ऊन सरकत तिच्या तोंडावर आले. अक्काने उठून दोरीवर वाळत घातलेली आपली शाल त्या बाजूला ओढून घेतली आणि सावली केली. जागी झाल्यावर मालनने शालीकडे पाहिले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. मला वाटले, हे काय आहे? हे भांडण आहे?

बोलणे बंद असलेल्या घरात शांतता नसते. तिथे न बोललेले शब्द सारखे आपटत असतात. कोण कुठे बसले, कोणी कोणाचे नाव घेतले, कोणी कोणाकडे पाहिले नाही. चारचौघांत तर ते फार दिसते, कारण बाकी सगळे बोलत असतात. पण सगळेच गप्प असले की कोणाचा अबोला कुठला आणि कोणाची प्रार्थना कुठली, कोणाला सांगता येत नाही. माझ्या मौनाने त्या दोघींचा अबोला पोटात घेतला होता. हे मी ठरवून केले असते तर मला स्वतःचे कौतुक वाटले असते. मी तर केवळ पाळकांचा कार्यक्रम राबवत होते.

संध्याकाळी आबा आले. बरोबर बैलगाडी, तिच्यात कपाशीच्या काड्यांचा ढीग आणि वर वांग्यांचे पोते. उद्याच्या जेवणाला मी वरणभात आणि भाजी ठरवली होती, म्हणजे मौनात फार गडबड नको. मी त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात समजावू लागले, की हे शिबिर आहे, सहल नव्हे. आबांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुमी देवाचं नाव घ्या, वांगे मी पाहतो. जानेवारीत माह्या मळ्यात पाव्हने येतीन अन् भरीत नाही? गावात कोनतं तोंड दाखवू?" खानदेशातल्या माणसांना हिवाळ्यात मळ्यावर नेऊन भरीत होणार नाही असे धरून चालणे, ही चूक इथे जन्माला आलेल्या बाईने करावी याचीच मला लाज वाटली. फक्त एक अट मी घातली. भरीत होईल, पण मौनात.

त्या संध्याकाळी खोके उघडले तर दाविदभाऊंच्या चिठ्ठ्यांच्या खाली एक घडी होती. वहीचा अर्धा कागद, मोठी, वाकडी, एकमेकांपासून लांब ठेवलेली अक्षरे. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची. "बाई, मौन अजून एक दिवस ऱ्हाऊ द्या."

खाली नाव नव्हते. लागतही नव्हते. उद्या दुपारी ताट वाजेल, सगळे बोलायला लागतील आणि आपल्याला मात्र बोलता येणार नाही, याची भीती त्यात होती. धाकट्या बहिणीजवळ अजून एक दिवस बसता यावे म्हणून म्हातारी बाई मला मौन मागत होती. आणि तिचे बोलणे ज्यामुळे गेले ती मी, मार्गदर्शक म्हणून, खोके उघडून चिठ्ठ्या वाचत होते.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर पाहिले तर मालनची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. वर चप्पलसुद्धा कागदात गुंडाळून. मी तिच्याकडे प्रश्नार्थक पाहिले. तिने घड्याळ दाखवले आणि बोटाने बाराचा आकडा. बाराची गाडी. म्हणजे ताट वाजायच्या आधीच ती निघणार होती. ती गेली की पुढे कोणत्या लग्नात, कोणत्या मातीला त्या दोघी पुन्हा एका छपराखाली आल्या असत्या, कोण जाणे. माझ्याकडे अडीच तास होते.

जाळ दहाला पेटला. काड्यांच्या थरावर वांगी ओळीने मांडली, वर पुन्हा काड्या. एरवी या वेळी काय दंगा असतो. हे वांगे फिरव, ते काढ, मिरच्या कुठे आहेत, लसूण कोणी सोलला. आम्ही नऊ जण धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी, हातात काठ्या घेऊन, जाळाभोवती मुकाट उभे. बांधावरून जाणारे दोघे थांबले, त्यांनी टोप्या काढल्या आणि हळूच पुढे गेले. आबांना ते सहन होईना. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "बाई, हे भरीत व्हय का मयत?"

दाविदभाऊंनी पदरात तोंड लपवावे तसे मफलरीत तोंड लपवले. मला मात्र हसू आले नाही. मी वर पाहिले तर जाळाच्या पलीकडे अक्का, अलीकडे मालन, मधे धूर, आणि सगळी माणसे माना खाली घालून गप्प. सात वर्षांपूर्वी मायच्या खड्ड्याभोवती आम्ही अगदी असेच उभे होतो. तेव्हा फक्त गीत उचलायचे बाकी होते.

वांगी भाजून, सोलून, देठ काढून झाली. आता ठेचायची. आमच्याकडे त्यासाठी लाकडाचे खोल भांडे असते, त्याला बडगी म्हणतात. एकाने मुसळाने ठेचायचे आणि दुसऱ्याने मधे हात घालून कडेचा गर आत सारायचा, मिरची, लसूण, दाणे टाकत जायचे. मुसळ वर जाते तेवढाच वेळ हात आत असतो. म्हणून ठेचणारा तोंडाने हं, हं असा ठेका धरतो. मौनात तो ठेकाही नाही. दाविदभाऊंनी करून पाहिले, गर नर्सच्या कपाळावर उडाला. मग अक्का उठली. पदर खोचला, मुसळ घेतले. आणि कोणी काही करायच्या आत मालन येऊन बडगीपाशी बसली.

मुसळ खाली आले. वर गेले. मालनचा हात आत गेला, फिरला, बाहेर आला. मुसळ खाली आले. ठेका नाही, मोजणे नाही, एकमेकींकडे पाहणेही नाही. अक्काचे डोळे केळीकडे, मालनचे बडगीत. थोडी चूक झाली असती तर बोटे गेली असती. सात वर्षे न बोललेल्या बाईच्या मुसळाखाली ती आपला हात पुन्हा पुन्हा घालत होती, आणि त्या हाताला कसलीही घाई नव्हती. मला रडू आले, धुराचे निमित्त होतेच. इतका विश्वास शाबूत होता. फक्त माझा एक शब्द मधे अडकला होता.

साडेअकरा होत होते. मी ताट आणि चमचा घेतला. विस्तवावरचे समारोपाचे भाषण वहीत तयार होते, पाच पाने. वही मी ओट्यावरच ठेवली. ताट वाजवले. सगळ्यांनी दचकून पाहिले, कारण वेळ झालेली नव्हती. मुसळ थांबले.

"सगुणाक्का," मी म्हणाले, "मायच्या मातीला गीत मालनने मागून घेतलं नव्हतं. मी तिच्या कानात सांगितलं. गाणं चांगलं व्हावं म्हणून. मान तुझा होता. चूक माझी आहे, आणि सात वर्षं मी ती सांगितली नाही."

जाळात एक काडी तडकली. अक्काने मुसळ बडगीला टेकवून उभे केले, पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. उशिरा वही आणून देणाऱ्या मुलाकडे मी पाहत असे तसे.

"माले माहीत शे, बाई," ती म्हणाली. "तुम्ही मालनना कानमा सांगं ते मी दखेल व्हतं."

मग, मी विचारले, सगळे पाहिले होते, माहीत होते, तर राग तिच्यावर का? माझ्यावर का नाही?

"तुम्हावर कशी रुसू?" अक्का म्हणाली. "रुसाले बी आपलंच माणूस लागस."

रुसायलासुद्धा आपलेच माणूस लागते. एवढे बोलून ती वळली. मला वाटले होते, क्षमा तरी मिळेल किंवा शिक्षा तरी. सात वर्षे मी ज्या अपराधाचे ओझे वाहिले, त्यात माझी गणतीच नव्हती. तिच्या लेखी मी कार्यक्रम लिहिणारी एक परकी बाई. परक्याने केले ते केले, धाकटीने नाही म्हणायला हवे होते, एवढाच तिचा हिशेब. इतके एकटे मला यजमान गेले त्या दिवशीही वाटले नव्हते.

अक्काने बडगीतले चिमूटभर भरीत बोटावर घेतले, चाखले. सगळे तिच्याकडे पाहत होते. मालन खाली मान घालून कडेचा गर निपटत होती, पण तिचा हात थांबला होता.

"मीठ कमी शे," अक्का म्हणाली. मालनला म्हणाली. दुसऱ्या कोणाला नव्हे.

मालनने मान वर केली नाही. "मीठ तूच टाकेल शे."

"मी टाकं तं दखाले काय व्हतं तुले?"

आणि मग त्या मिठावरून ज्या जुंपल्या त्या जुंपल्या. लहानपणी खिचडीत मीठ कोण विसरायचे, मायला कमी मीठ कोणामुळे खावे लागले, सात वर्षांचे सगळे काही मिठातून निघाले. मधेच मालन रडली, मधेच अक्का, पण भांडण कोणी थांबवले नाही. दाविदभाऊ दीड दिवसाचे साठलेले बोलू लागले. आबांनी सुटकेचा निश्वास टाकून गड्याला हाक मारली. केळीची पाने धुऊन मांडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, कांद्याची पात आली, कच्चे तेल आले. बाराची गाडी रस्त्यावरून गेली. मालनने ती ऐकली आणि आणखी भरीत वाढून घेतले.

तुम्हाला वाटेल, मग अक्काने ते गीत उचलले असेल. नाही. तसले काही झाले नाही, भांडी घासायची होती. माझे विस्तवावरचे भाषणही झाले नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारलेही नाही. पाळकांनी नंतर अहवाल मागितला तेव्हा मी लिहिले, शिबिर आशीर्वादाचे झाले, भरीत उत्तम होते.

अक्काचे ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आले. संध्याकाळी दिवा लावताना, एकटीने जेवताना ते आठवे. माझी मुले पुण्याला, चांगली आहेत, फोन करतात, कधी रागावत नाहीत. शेजारी आदराने वागतात. यजमान होते तेव्हा महिन्यातून एकदा तरी रुसत, वर्तमानपत्राआड तोंड घालून बसत, आणि मी शिरा करून ते वर्तमानपत्र खाली आणत असे. मला तेव्हा त्याचा कंटाळा येई. आपल्यावर कोणी रुसेनासे झाले आहे हे कळायला मला यावलच्या मळ्यापर्यंत जावे लागले.

त्या हिवाळ्यानंतर दर जानेवारीला आम्ही जमतो. शिबिर मीच घेते, मौनही असते, आणि शेवटच्या दुपारी भरीत. त्या दोघी मुसळाशी बसतात आणि ताट वाजायची वाट पाहतात, कारण त्यांना भांडायचे असते. मधल्या काळात मीही धुळ्याला जाऊ लागले. अक्काच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा आठ दिवस राहिले. ती मला बाईच म्हणते. मी कधी त्या वाक्याची आठवण काढली नाही. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

या वर्षी नाताळनंतर एका लग्नाला मी धुळ्याला गेले. सकाळी गेले, संध्याकाळी परत. थंडी होती, सोबत होती, गाडी घाईत निघाली. अक्काच्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. उतरून जावे असे वाटले, पण उतरले नाही. नंतर तिला दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. मला वाटले, ऐकू आला नसेल. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचे तिचे पत्र दरसाल येते, वाकड्या, मोठ्या अक्षरांचे. तेही आले नाही. मग परवा मालनचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलली आणि जाता जाता म्हणाली, "बाई, अक्का तुम्हावर रुसेल शे."

काय म्हणालीस, मी विचारले. तिने पुन्हा सांगितले, रुसली आहे. दारावरून गेली, पाणीसुद्धा न पिता गेली, आता मी तिच्याशी बोलणार नाही, असे अक्का सगळ्या गल्लीला सांगत फिरते आहे म्हणे. मी फोन ठेवला, खुर्चीत बसले आणि लहान मुलीसारखी हसत सुटले. मग पिशवी घेतली आणि मेथी आणायला म्हणून बाजारात गेले.

काल सकाळच्या गाडीने निघाले. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे काड्यांचे धूर. मांडीवर वांग्यांची पिशवी. अक्काने दार उघडले, मला पाहिले, काही न बोलता आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसली. दार मात्र तिने उघडेच ठेवले होते. मीही काही बोलले नाही. मौन आता मला चांगले येते. परसातल्या शेगडीवर वांगी भाजली, सोलली, बडगी काढून धुतली. आणि भरतात मीठ मुद्दाम कमी टाकले.